कॅलिपरची पिन का अडकते? एका बोटभर पिनेचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढला आहे. बोलताना सारखं येणारं 'म्हणजे बघा' थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे बोटभर लांबीची एक पोलादी पिन. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकामागे अशा दोन पिना असतात. गाडी घेतल्यापासून तुम्ही त्या एकदाही पाहिल्या नसतील. पण पावसाळा सरला की गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "साहेब, कॅलिपर जाम आहे." बऱ्याचदा जाम असते ती ही पिन. ती तिथे आली कशी, आधी का नव्हती, आणि आता अडकते का, हे आज बघू. इतिहासाचा भाग आहे, पण शेवटाकडे हात काळे करायचं कामही आहे.

आधी थोडी ओळख

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड. या दोघांना धरून बसलेला जो मोठा चिमटा, तो कॅलिपर. तुम्ही ब्रेक दाबला की ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलतो, पिस्टन पॅडला ढकलतो, आणि पॅड डिस्कला पकडतो.

आता गंमत अशी की आपल्या गाड्यांत पिस्टन असतो एकाच बाजूला, आतल्या. मग बाहेरचा पॅड कोण दाबतं? न्यूटनचा तिसरा नियम. पिस्टनने आतला पॅड डिस्कवर टेकवला, डिस्क तर हलणार नाही, म्हणून उलट दिशेला अख्खा कॅलिपर सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून आणतो. हे सरकणं होतं दोन पिनांवर. पिना ब्रॅकेटच्या भोकात पुढे-मागे होतात. किती? एका मिलिमीटरपेक्षाही कमी. एवढंसं सरकणं थांबलं की अर्धा ब्रेक गेला म्हणून समजा.

तांब्याची किंकाळी

डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ सालचं. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरचं. त्याच वर्षी तिकडे फ्रान्समध्ये लुई रेनॉंने ड्रम ब्रेकला आजचं रूप दिलं. म्हणजे दोन्ही भावंडं एकाच वयाची. पण एक पन्नास वर्षं घरात बसलं आणि दुसऱ्याने जग पादाक्रांत केलं.

कारण साधं होतं. लँचेस्टरच्या ब्रेकमध्ये घासायला तांबं होतं. धातूवर धातू घासला की जी किंकाळी फुटते, ती सहन होण्यासारखी नव्हती. शिवाय रस्ते धुळीचे, आणि डिस्क उघडी.

किंकाळीवरचा उपाय आला हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाकडून. डर्बीशायरच्या चढउतारांवर घोडागाडीवाले उतरणीला लाकडी ब्रेकवर जुना बूट अडकवायचे, म्हणजे पकड चांगली बसते, हे त्याने पाहिलं. त्यावरून त्याने १८९७ साली घर्षणाचे पट्टे बनवायचा उद्योग सुरू केला आणि पुढे त्यात ॲस्बेस्टॉस आणलं. कंपनीचं नाव फेरोडो. फ्रूड या आडनावातली अक्षरं फिरवून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं 'ई' घातलेलं. हे नाव आपल्याकडेही आलं. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. ब्रेक लायनरच्या त्या धुळीत ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून जुन्या गाडीच्या ब्रेकवर तोंडाने फुंकर मारायची नाही हा नियम आजही पाळा.

ड्रमचं राज्य

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरची चार दशकं म्हणजे ड्रमचं राज्य. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना, त्यातून निघालेली फियाट ११०० आणि तिचीच पुढे झालेली पद्मिनी. दुसरीकडे ॲम्बॅसेडर. त्यांच्या बहराच्या काळात चारही चाकांना ड्रम.

ड्रम म्हणजे पातेलं. आतून दोन अर्धगोल शू बाहेर ढकलले जातात आणि पातेल्याच्या भिंतीला घासतात. चिखल-पाणी सहसा आत शिरत नाही, स्वस्त पडतं, टिकतंही. अडचण उष्णतेची. एक टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, तेवढ्यात नळाचं लिटरभर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. हे एकदा थांबण्याचं. आता खंडाळ्याचा जुना घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर असेल तर? पातेलं तापतं, प्रसरण पावून शूपासून लांब जातं, लायनरची पकड सुटते, पेडल खाली खाली जायला लागतं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. याच घाटात रेल्वेनेही उतारावर सुटलेली गाडी वळवून थांबवण्यासाठी चढाच्या वेगळ्या मार्गिका बांधल्या आहेत. उतार आणि उष्णता ही जोडी आपल्या डोंगराळ मुलखाला नवी नाही.

पहिली अडकण

डिस्क परत आली ती विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं जड आणि वेगवान झाली, ती उतरल्यावर थांबवायला ड्रम पुरेनात. तिथे डिस्क तयार झाली आणि युद्ध संपल्यावर मोटारीकडे वळली.

आणि इथे आपल्या विषयाचा पहिला खरा धडा आहे. अमेरिकेत क्रॉस्ली नावाची छोट्या गाड्यांची कंपनी होती. तिने १९४९ साली विमानांच्या धर्तीवरचे डिस्क ब्रेक आपल्या साध्या, स्वस्त गाड्यांना लावले. ब्रेक लागायचे झकास. पण अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. विमानाच्या ब्रेकला मीठ-चिखलाची सवय नव्हती. गंज चढला, आतले भाग जागीच चिकटले, ब्रेक अडकायला लागले. १९५० सालीच कंपनी मुकाट्याने ड्रमकडे परतली. तिची हॉटशॉट ही गाडी त्याच वर्षी डिसेंबरात सेब्रिंगची शर्यत जिंकली, तरीही डिस्कची अब्रू गेली ती गेलीच.

म्हणजे डिस्क ब्रेक हरला तो थांबवण्याच्या परीक्षेत नाही, अडकण्याच्या परीक्षेत. प्रयोगशाळेत किंवा शर्यतीत हा दोष दिसत नाही. तो दिसायला दोन-तीन हिवाळे जावे लागतात. आपल्याकडे दोन-तीन पावसाळे.

नाव परत मिळवून दिलं जग्वारने. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या सी-टाइप गाडीने १९५३ साली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. बाकीचे ड्रमवाले वळणाच्या बरेच आधी वेग कमी करत होते, जग्वारवाले अगदी जवळ येऊन ब्रेक दाबत होते. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, सित्रोएन डीएस ही घरगुती गाडी पुढे डिस्क घेऊन बाजारात आली.

पिन आली कुठून?

आता लक्ष द्या. जग्वारच्या त्या कॅलिपरला सरकणारी पिन नव्हती. पिस्टन दोन्ही बाजूंना होते. कॅलिपर जागच्या जागी घट्ट आणि दोन्हीकडून सारखा दाब. सरकण्याचा प्रश्नच नाही, म्हणून या जोडणीला अडकायला पिनही नाही.

मग पिन का आणली? पैसा आणि जागा. दोन्हीकडे पिस्टन म्हणजे दुप्पट भोकं घासून गुळगुळीत करा, दुप्पट सील बसवा, ऑइल पलीकडे न्यायला वाट काढा. शिवाय बाहेरच्या बाजूचा पिस्टन चाकाच्या रिममध्ये घुसतो. छोट्या चाकांच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा तिथे जागाच उरली नाही. आणि त्या बाजूला वारा कमी, म्हणून तिथलं ऑइल जास्त तापतं.

तेव्हा कुणीतरी विचारलं की एकाच पिस्टनने भागवलं तर? कॅलिपरलाच सरकू दिलं तर? अमेरिकेत हा बदल स्पष्ट दिसतो. फोर्ड मस्टँगच्या डिस्कला १९६५ ते १९६७ चार पिस्टनचा घट्ट कॅलिपर होता. १९६८ पासून एका पिस्टनचा सरकणारा आला. युरोपात गर्लिंगसारख्या कंपन्यांनी पिनांवर सरकणारा कॅलिपर छोट्या गाड्यांपर्यंत पोचवला.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. त्यामुळे हा व्यवहार मला फार ओळखीचा वाटतो. चार भाग काढून टाकले, खर्च वाचला, काम तेच झालं. पण काढलेल्या भागांची जबाबदारी कुठेतरी जाते. ती गेली या दोन पिनांवर, त्यांच्या रबरी बुटावर आणि आतल्या चिमूटभर ग्रीसवर. कारखान्यात वाचलेला खर्च दर दोन-तीन वर्षांनी गॅरेजात थोडा थोडा फेडायचा, असा हा करार. फक्त तो गाडीमालकाला कुणी वाचून दाखवला नाही.

महाराष्ट्रात कॅलिपर

आपल्याकडे ब्रेकचा मोठा उद्योग आधी चेन्नईत उभा राहिला. १९६२ साली टीव्हीएस समूह आणि इंग्लंडची लुकास गर्लिंग यांनी मिळून ब्रेक्स इंडिया काढली. महाराष्ट्रात हे काम गेलं जळगावला. केळी आणि सोन्याचं जळगाव आपल्याला माहीत असतं, पण तिथल्या एमआयडीसीत कल्याणी ब्रेक्सचा कारखाना उभा राहिला. कल्याणी समूह पुण्याचा, तंत्रज्ञान परदेशी भागीदाराचं. पुढे ही कंपनी बॉशच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बॉशने ब्रेकचा हा धंदा २०१२ मध्ये विकला, त्यातून चेसिस ब्रेक्स इंटरनॅशनल झाली, आणि २०१९ मध्ये ती हिताचीने घेतली. दारावरच्या पाट्या बदलत गेल्या, खानदेशातल्या कामगारांच्या हातांना ब्रेकचं काम मात्र सुटलं नाही.

रस्त्यावर पुढची डिस्क सर्रास झाली ती मारुतीमुळे, मग १९९३ ची झेन, १९९८ ची पिंपरीत बनलेली टाटा इंडिका. पुढे डिस्क, मागे ड्रम, हा साचा ठरून गेला. २००१ मध्ये आकुर्डीच्या बजाजची पल्सर आली आणि डिस्क म्हणजे काय हे कॉलेजच्या पोरांनाही कळलं. बाईकच्या कॅलिपरलाही अशाच पिना असतात बरं का.

अडकते कशी?

पिन पोलादाची, ब्रॅकेट बिडाचं. दोघांमध्ये ग्रीसचा पातळ थर आणि तोंडावर रबरी बूट. बूट फाटला किंवा नीट बसला नाही की पुण्याचा जून ते सप्टेंबर आत शिरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. भोक तेवढंच, पिन तेवढीच, मध्ये फुगणारा गंज. झाली जाम.

दुसरं कारण जास्त गमतीचं. त्यात इतिहास पण आहे. ब्रेकचं नेहमीचं ऑइल, म्हणजे डॉट ३, डॉट ४, हे ग्लायकॉल जातीचं असतं, आणि त्याला चालणारं ईपीडीएम नावाचं रबर ब्रेकमध्ये वापरतात. हे रबर पाणी, ऊन, ब्रेक ऑइल सगळं सोसतं. फक्त एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे पेट्रोलियमपासून बनलेलं साधं ग्रीस. ते लागलं की रबर भिजवलेल्या साबुदाण्यासारखं फुगतं. काही गाड्यांत दोनपैकी एका पिनेच्या टोकाला रबरी नळी असते, खडखडाट होऊ नये म्हणून. ती फुगली की गंज नसतानाही पिन अडकते. म्हणून इथे सिलिकॉनचं ग्रीस लागतं. सिलिकॉनचं पहिलं मोठं काम दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनातल्या ठिणगीला दमटपणापासून वाचवणं हे होतं. डिस्क विमानातून आली, तिचं ग्रीस पण विमानातून आलं.

लक्षणं सांगतो. आतला पॅड झिजून पत्रा आणि बाहेरचा जवळपास नवा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. फेरी मारून आल्यावर एका चाकाजवळ दुसऱ्यापेक्षा जास्त धग लागते. ॲव्हरेज उगाच कमी. हात लावून बघू नका, नुसता जवळ न्या.

कर्वेनगरातला एक रविवार

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या काकांची बारा वर्षं जुनी हॅचबॅक आहे. डावीकडे ओढत होती. काका म्हणाले, "अरे, गॅरेजवाला अख्खा कॅलिपर बदलायला सांगतोय. बघतोस का जरा?" त्यांची मुलगी इथल्याच मुलींच्या कॉलेजात मेकॅनिकलला आहे. ती म्हणाली, "दादा, मीच खोलते, तू फक्त सांग."

हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, चाकाचे नट आधी जमिनीवरच सैल, मग जॅक, आणि जॅकखेरीज लोखंडी स्टँड. सिमेंटचा ठोकळा कधीच नाही, तो न सांगता फुटतो. चाक काढलं. कॅलिपरचे दोन बोल्ट काढले आणि कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला. होजपाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही.

वरची पिन दोन बोटांनी बाहेर आली. खालची गोल फिरत होती, पण थोडीच. ती म्हणाली, "दादा, फिरतेय, पण येत नाही." हे शुभचिन्ह असतं. फिरतेय म्हणजे सुटणार. इथेच बहुतेक लोक घाई करतात, पिनेचं डोकं पकडून हातोडीने उपटायला जातात आणि डोकं तुटतं. आम्ही ब्रॅकेटच गाडीवरून काढलं आणि बाकात आवळलं. फाटका बूट कापून टाकला. गंज सोडवणारं तेल कडेने मुरवलं आणि वरती जाऊन चहा घेतला. तेलाला वेळ द्यावा लागतो. परत येऊन पाना लावून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, प्रत्येक वेळी थोडं जास्त. मग तेल पूर्ण पुसून घेऊन हीट गनने फक्त ब्रॅकेटला बाहेरून शेक दिला. भोक किंचित मोठं होतं, पिन अजून थंड असते. फिरवत फिरवत ओढत राहिलो आणि ती आली.

टोकाची रबरी नळी फुगून चिकट झाली होती, भोकात पिवळट साधं ग्रीस. मागे कधीतरी कुणीतरी भल्या मनाने भरलेलं. भोक गोल ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ केलं, नाना पेठेतून आणलेली नवी पिन आणि बूट बसवले, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन स्प्रिंगसारखी परत येते. रबरवाली पिन तिच्याच भोकात गेली का, हे बघितलं. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळले. आणि इंजिन चालू करायच्या आधी, जागेवरच, पेडल कडक होईपर्यंत दाबलं. हे विसरलात तर पहिल्याच वळणावर पाय फरशीला टेकेल.

कॅलिपर बदलावा लागला नाही. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलले, कारण ते नेहमी जोडीने बदलतात.

टेकडीवरची परीक्षा

आमच्या भागातले लोक सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातात. तिच्या अंगावर एआरएआय आहे, १९६६ साली सुरू झालेली वाहन संशोधन संस्था. देशात विकायच्या गाडीच्या मॉडेलला सरकारमान्य संस्थेची परीक्षा पास व्हावी लागते, आणि ही त्यातली जुनी आणि मोठी संस्था. ब्रेकसाठी आयएस ११८५२ हे मानक आहे. थंड ब्रेक, तापलेला ब्रेक, किती अंतरात गाडी थांबते, सगळं मोजतात. परीक्षा कडक आहे, पण ती नव्या गाडीची.

त्यानंतर? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मधल्या काळात पीयूसी काढावी लागते, धुराची. धूर दर वर्षी तपासला जातो, काही जुन्या गाड्यांचा सहा महिन्यांनी. ब्रेक कुणीही तपासत नाही. टॅक्सी-टेम्पोला ठरावीक मुदतीने फिटनेस आहे, खासगी गाडीला पंधरा वर्षं काहीच नाही. इंग्लंडने १९६० मध्ये दहा वर्षांवरच्या गाड्यांना ब्रेक, दिवे, स्टिअरिंगची तपासणी सक्तीची केली आणि १९६७ पर्यंत ती मर्यादा तीन वर्षांवर आणली. क्रॉस्लीच्या गोष्टीचं सार त्या नियमात आहे: ब्रेक नवा असताना कसा आहे यापेक्षा काही हिवाळ्यांनंतर कसा आहे, हे बघायला हवं.

पुणेकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. ट्रकची ब्रेकची रचना वेगळी, त्याची कारणं वेगळी, ती इथे मिसळणार नाही. पण तोच उतार कात्रजच्या बोगद्यातून येताना आपल्या हॅचबॅकही उतरतात, सिंहगडावरून रविवारी शेकडो गाड्या उतरतात, आणि त्यातल्या किती गाड्यांच्या पिना सरकतात हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

तोपर्यंत हे काम आपलंच. पुढच्या सर्व्हिसिंगला चार गोष्टी विचारा. चारही पिना बाहेर काढून बघितल्या का? आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजलाय का? बूट फाटलेत का? ग्रीस कुठलं लावलं? शेवटच्या प्रश्नाला "आपलं नेहमीचं" असं उत्तर आलं, तर डबा बघायला मागा. राग येईल, येऊ दे.

ज्यांना स्वतः खोलायचं आहे त्यांनी पहिल्यांदा अनुभवी माणसाला शेजारी उभं करा. पुढच्या भागात ड्रमकडे परत जाऊ: हँडब्रेकची केबल पावसाळ्यात का धरते, आणि रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवावा की गाडी गिअरमध्ये ठेवावी. भेटू.